बंद बक्कल

बुधवार, संध्याकाळ

रेणापूरच्या तळ्यात मी केशरी चेंडू फेकला, राजानं बाईची चप्पल आणली. नवी, बक्कल लावलेली. आणि मी? सवयीनं आधी "शाब्बास" म्हणून चिकनचा तुकडा भरवला, चप्पल मग बघितली. कुत्र्यानं आणलं की लगेच बक्षीस, वीस वर्षं हेच शिकवतेय.

राजाचे मालक गणपतराव म्हणाले, "मॅडम, वाहून आली आसंल. फेका की."

तळ्याचं पाणी कुठं वाहतं? आणि बक्कल न सोडता चप्पल पायातून निघते कशी?

तेवढ्यात राजा न सांगताच पुन्हा तिकडं पोहत निघाला. मी घाबरून शिट्टी वाजवली. तो थांबला, तिकडं बघत राहिला, मग मुकाट्यानं परत आला.

परत आल्याबद्दलही मी त्याला तुकडा दिला.