बाबांनी लायब्ररी हलवली

तीर्थस्वरूप ताईंना,

वाकून नमस्कार. (म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. दिवसभर लोकांच्या जबड्यांत वाकून बघितल्यावर वडीलधाऱ्यांसाठी पाठ फारशी शिल्लक राहत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, ते विचारायचं मागच्या फोनवर राहून गेलं. भावोजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं, की अजून ते घरातल्या प्रत्येकाला एकच आकडा दाखवतं? आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या भावाचं वजन वाढलंय. तो म्हणतो काटा बिघडलाय. तो कॉम्प्युटरमधला माणूस असल्यामुळे यंत्रांच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. निदान तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ठरलेलं होतं.

फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तो बाबांच्या हातात जातो, बाबा "सगळं ठीक" म्हणतात, तुम्हीही "इकडेही ठीक" म्हणता, मग दोन्हीकडच्या हवामानाची चौकशी होते आणि दोन मिनिटांत फोन खाली. एवढ्यात मी काय सांगणार? शिवाय मला बाबांचं कौतुक करायचंय, आणि ते त्यांच्यासमोर केलं की ते उठून झाडांना पाणी घालायला जातात. झाडं आधीच कुजायला आलीत.

तर, बाबांचा जुना कॉम्प्युटर. मधल्या खोलीत, खिडकीशी, बारा वर्षं. सुरू केला की पंखा असा घरघरायचा की खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटायचं, आमच्याकडे पाहुणे आलेत आणि मिक्सर चाललाय. पण त्याच्या पोटात बाबांची अकरा हजारांवर फोटोंची लायब्ररी होती, त्यामुळे त्याला कुणी बोलायचं नाही. त्यातले चार हजार तीनशे बारा कागदी फोटो आईंनी पाकिटांत, पुस्तकांत आणि आरशामागे खुपसून ठेवलेले. निवृत्त झाल्यावर बाबांनी एकेक करून ते स्कॅन केले आणि प्रत्येकाखाली दोन बोटांनी टंकून तारीख, जागा, माणसं लिहिली. तुम्ही ते पाहिलंय. गेल्या हिवाळ्यात मात्र कॉम्प्युटर मधेच झोपायला लागला, तेव्हा तुमच्या भावाने नवा आणला. इतका चपटा, की बाबांनी तो उलटा करून बघितला आणि विचारलं, "बाकीचा कुठाय?"

रविवारी सकाळी तुमच्या भावाने जाहीर केलं की एक बटण दाबायचं, दहा मिनिटांचं काम. बाबा शांतपणे म्हणाले, "मी लायब्ररी हलवलीय. अकरा दिवस लागले होते." ते कॉलेजच्या ग्रंथालयाबद्दल बोलत होते. रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत बत्तीस हजार पुस्तकं त्यांनी विद्यार्थ्यांची रांग लावून हातोहात नेली, आणि मोजदाद केली तेव्हा पलीकडे एक पुस्तक जास्तच निघालं. (ते कुणाचं, हे त्यांनी पुढे दोन वर्षं शोधलं आणि परत केलं.) तुमचा भाऊ हसला आणि त्याने बटण दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी चौतिसाव्या टक्क्यापर्यंत गेली आणि तिथे जी बसली ती मंगळवारपर्यंत. (ताई, तुम्हाला म्हणून सांगते, इस्त्रीसाठी जुन्याचा प्लग मी काढला होता. तुमचा भाऊ कंपनीलाच बोल लावून मोकळा झाला. त्याचा रागही निवला आहे आणि कपडेही इस्त्री झालेत, तेव्हा हे इथेच राहू द्या.)

मी प्लग गुपचूप लावला, आणि पुन्हा सुरुवात केल्यावर खरं दुखणं कळलं. जुना प्रोग्रॅम इतका जुना होता की नव्याला त्याची लायब्ररी उघडताच येईना. नवा म्हणे, आधी मधल्या आवृत्तीत आणा, मग माझ्याकडे या. मधली आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरवर चढेना, कारण तो फार म्हातारा, आणि नव्यावर उतरेना, कारण तो फार लहान. म्हणजे आम्हाला मधल्या वयाचा एक कॉम्प्युटर हवा होता. तुमच्या भावाच्या ऑफिसात तीनशे कॉम्प्युटर आहेत, सगळे तरुण. मी माझ्या पेशंटांना विचारायला लागले, पण दातात ड्रिल असताना माणूस "तुमचा कॉम्प्युटर किती वर्षांचा?" याला नीट उत्तर देत नाही. तुमच्या भावाने दोन दिवस इंटरनेट वाचलं आणि शेवटी म्हणाला, "बाबा, फोटो आपण नुसते फाइली म्हणून काढून घेऊ. बाकीचं सोडा."

बाबांनी सोडलं नाही. त्यांनी चपला घातल्या आणि गल्लीत फिरून आले. प्रत्येक दुकानात जाऊन त्यांनी एकच विचारलं, की तुमचा कॉम्प्युटर कुठल्या साली घेतला. सातव्या की आठव्या दुकानात, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे, त्यांना बरोबर वयाचा सापडला. शिंपी त्यात गिऱ्हाइकांची मापं ठेवतो. त्याने बाबांना सांगितलं की मापं सोडून काहीही करा. मग चार दिवस बाबा हार्ड डिस्क खिशात घालून सकाळी नऊला दुकानात हजर, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून, पट्टीवर नजर ठेवून. मी एकदा त्यांचा डबा द्यायला गेले तर दुकान भरलेलं. एक बाई ब्लाउजचं माप द्यायचं विसरून तुमचा सायकलवरचा फोटो बघत होत्या आणि शिंपी त्यांना सांगत होता, "ही ह्यांची थोरली. ही पुढे पडते." त्याला सगळं घराणं पाठ झालं होतं. चौथ्या दिवशी काम फत्ते झालं तेव्हा त्याला वाईट वाटलं. मधल्या काळात त्याने बाबांच्या दोन विजारींची लांबीही कमी करून टाकली होती, न विचारता, कारण चार दिवस त्या समोर लोळताना त्याला बघवेना.

नव्या कॉम्प्युटरवर फोटो आले. अकराच्या अकरा हजार आले. पण बाबांनी लिहिलेलं एक अक्षर आलं नाही. जुना प्रोग्रॅम म्हणे मजकूर फोटोबरोबर ठेवतच नव्हता, स्वतःच्या पोटात ठेवायचा, आणि या प्रवासात कुठेतरी ते पोट रिकामं झालं. तारखाही गेल्या. चार हजार तीनशे बारा फोटोंना नव्या प्रोग्रॅमने त्याच दिवसाची, त्या मंगळवारची, तारीख देऊन टाकली. त्यानुसार बाबा मंगळवारी जन्मले, मंगळवारीच त्यांचं लग्न झालं, आणि त्याच दिवशी तुम्हीही दहावी पास झालात. मी हसले, मग बाबांकडे पाहिलं आणि थांबले. ते खुर्चीत बसून एकेक फोटो पुढे सरकवत होते. खाली रिकामी जागा. पुढचा, रिकामी जागा. तुमचा भाऊ म्हणाला, "फोटो तर आलेत ना, बाबा." त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाला होता, वाईट नाही तो. बाबा म्हणाले, "नुसते फोटो म्हणजे गठ्ठा. लायब्ररी नव्हे."

आणि ते उठून आतून तीन नोंदवह्या घेऊन आले. ताई, लग्न होऊन चौदा वर्षं झाली मला या घरात, मला पत्ता नव्हता. लाल कापडी पाठीच्या, लांबट, ग्रंथालयात असतात तशा. कॉम्प्युटरवर लिहिण्याआधी प्रत्येक फोटो बाबांनी वहीत चढवला होता. अनुक्रमांक, तारीख, स्थळ, डावीकडून उजवीकडे माणसं आणि शेवटच्या रकान्यात शेरा. चार हजार तीनशे बारा ओळी. तुमचा भाऊ वह्या चाळत बराच वेळ उभा राहिला. वीस वर्षं तो लोकांना सांगतोय की प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवा. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंची एकुलती एक प्रत आपल्या लायब्ररीत होती. "बाबा, हे ग्रेट आहे," एवढंच तो म्हणाला आणि चहा करायला गेला. तो चहा करतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर रोज दवाखाना बंद करून आले की मी वाचायचे आणि बाबा टंकायचे, सत्तर ओळी, मग जेवण. दोन महिने. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण मी पेशंटांच्या वेळा मागेपुढे करून लवकर येऊ लागले, ती त्या शेऱ्याच्या रकान्यासाठी. तुमचा भाऊ, वय सात: "रडून झाल्यावर. बूट नको होते." भावोजी: "जावई. सतरावा प्रयत्न. हसले." मी, पहिल्यांदा घरी आले तेव्हा: "होणारी सून. चहा गार झाला तरी प्याली." (मला तो दिवस चांगला आठवतो. माझी समजूत होती की कुणाच्या लक्षात आलं नाही.) आईंच्या फोटोंपुढे शेरा जवळजवळ नाहीच. पानच्या पान तो रकाना कोरा. मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "तिच्याबद्दल मला काय नोंद ठेवायची गरज?"

मजकूर संपला तसा नव्या प्रोग्रॅमने चेहरे ओळखायचं मनावर घेतलं. तो दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवून विचारतो, ही एकच व्यक्ती आहे का. खाली तीन बटणं: हो, नाही, खात्री नाही. त्याने मधल्या खोलीतल्या खिडकीच्या पडद्यावरच्या फुलाला सव्वीस फोटोंत माणूस मानलं. बाबांच्या दोन्ही जुळ्या बहिणींना त्याने एक करून टाकलं, तिथे माझा उपयोग झाला, कारण धाकटीचा पुढचा दात कोपऱ्यात तुटलेला आहे आणि दातांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. बाबांना हे सगळं फार आवडलं. "मेहनती आहे," ते म्हणाले, "फक्त नवीन आहे. शिकेल."

मग एका संध्याकाळी त्याने दोन फोटो पुढे केले. एक आईंचा, खिडकीपाशी, मागे वळून बघताना, पिवळा स्वेटर. दुसरा तुमचा, त्याच खिडकीपाशी, चार वर्षांपूर्वीचा. ही एकच व्यक्ती आहे का? मी म्हटलं, "बाबा, नाही म्हणा, पुढे जाऊ." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि "खात्री नाही" दाबलं. तसं दाबलं की तो प्रश्न दुसऱ्या दिवशी परत येतो. तो रोज येतो. बाबा रोज ते दोन फोटो बघतात आणि रोज तेच बटण दाबतात.

बाकी सगळं छान. गुडघ्याला शेक देत जा. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि धाकटीची अक्कलदाढ दुखत असेल तर मला दाखवल्याशिवाय काढू देऊ नका.

तुमची,
भावजय

ता. क. आता खरं. आई गेल्या त्या महिन्यात, त्यांचं कपाट आवरताना तुम्ही म्हणालात की कॉम्प्युटरवर आहेत तर हे कागदी फोटो टाकून देऊ, आणि बाबा म्हणाले की ज्याला जायची घाई आहे त्याने कपाट आवरू नये, आणि तुम्ही संध्याकाळच्या गाडीने गेलात. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. तुम्ही दमला होतात म्हणून बोललात, तेही दमले होते म्हणूनच बोलले. तुमचा भाऊ म्हणतो, आपण मधे पडायचं नाही. मी पडतेय. लायब्ररीत तुमचा शेवटचा फोटो त्याच्या आदल्या दिवसाचा आहे. तुम्ही फोनवर पाठवता ते बाबा रोज बघतात, पण चढवून घेत नाहीत. म्हणतात, मी काढलेला नाही, मी काय लिहू त्यापुढे? तेव्हा या. कारण काढायला माझी हरकत नाही. दात दाखवायला आले म्हणा.

ता. क. २. हे पत्र मी बाबांपासून लपवून लिहीत होते. नव्या कॉम्प्युटरवर. तो काहीही लपवत नाही. आज दवाखान्यातून आले तर त्याची छापील प्रत टेबलावर होती, ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या आणि खाली ही ओळ. मी ती जशीच्या तशी ठेवतेय.

"स्तुतीचा भाग वगळून वाचणे. सकाळची गाडी घे, दुपारची उशिरा येते. स्टेशनवर मी येतो. — बाबा"