खंडोजी आणि माझा उजवा अंगठा

८ ऑगस्ट २००४, देवास

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बघून मलाच हसू येतं. उजवा हात मे महिन्यापासून संपावर आहे. कारखान्यात मशीनसमोरच लकवा आला. पाय परत आला, जीभ परत आली — जीभ जरा जास्तच आली असं माझी बायको कल्पना म्हणते — पण हात काही ऐकत नाही. उभं आयुष्य टूलरूममध्ये काढलं, केसाएवढा फरक बोटांना कळायचा. आता या हाताला चहाचा कप कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहा, डोकं ताळ्यावर राहील. म्हणून ही वही. कोणी वाचणार नाही. बायकोला वेळ नाही, आणि पोरगी किमया हिंदी शाळेत शिकली — मराठी वाचायला बसवलं की दुसऱ्या ओळीला जांभई देते.

११ ऑगस्ट

व्यायामवाले डॉक्टर आले. आमच्या गल्लीतलेच, मालवी माणूस. अंगठा ओढला, वळवला, म्हणाले, "शरद भिया, बाकी सब ठीक हे. यो अंगूठो आलसी हुई ग्यो. इके काम दो."

काम द्या! रबरी चेंडू दाबून दाबून विटलो. चेंडू दाबणं हे काम नव्हे. त्यातून काही तयार होत नाही.

१२ ऑगस्ट

आज फार वाईट दिवस.

किमयाला पुण्याला नोकरी लागून दोन महिने झाले. कॉम्प्युटरची, चांगली. आणि ती गेली नाही! तारीख पुढे ढकलून घेतेय. कल्पनाला माहीत होतं. मला आज कळलं, तेही तिचा फोन कानावर पडला म्हणून.

विचारलं तर म्हणाली, "तुमचा हात चालू झाला की जाईन ना बाबा. अकेली आईकडून कसं होणार?" दिवाळीपर्यंत ते थांबतील. मग जागा दुसऱ्याला.

मी ओरडलो. म्हणालो, मी काय तान्हं बाळ आहे? त्याच वेळी कल्पना माझ्या शर्टाचं बटण लावत होती.

१३ ऑगस्ट

दिवसभर चेंडू दाबला.

१५ ऑगस्ट

किमयाने माळ्यावरून तिचा जुना गेम काढला. ती शाळेत असताना तिचा मामा अमेरिकेहून घेऊन आला होता. साबणाच्या वडीएवढं यंत्र, मधे छोटा पडदा, दोन्हीकडे बटणं. सेलवर चालतं, म्हणजे लाईट गेली तरी चालतं. आपल्याकडे हा मोठाच गुण.

"अंगठ्याला काम पाहिजे ना? हे घ्या."

मी म्हणालो, मला लाज वाटेल. ती म्हणाली, "कोण बघतंय?"

एक मोठा मुलूख आहे. त्यात निरनिराळे प्राणी हिंडतात — देवाने केलेले नव्हेत, कोणा कलाकाराच्या डोक्यातले. आपण एका माळावर उभे, खांद्यावर झोळी, झोळीत फळं. प्राण्यांना माणसाळवायचं आणि सोबत घेऊन हिंडायचं. बस.

"जायचं कुठं?"

"कुठंही."

"कुठंही म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण नक्शा खुला आहे बाबा. तुमची मर्जी."

ड्रॉइंग हातात असल्याशिवाय मी कधी लोखंडाला हात लावला नाही. इथे कोणी काही सांगतच नाही! नदीपर्यंत गेलो, परत आलो, झाडावर आपटलो. पोरगी पोट धरून हसत होती. मे महिन्यानंतर ती अशी हसताना आज पाहिली.

१६ ऑगस्ट

पद्धत अशी. डाव्या अंगठ्याने चालायचं. उजव्या अंगठ्याने बटण दाबलं की आपण फळ पुढे धरतो. प्राणी येऊन खाईपर्यंत बटण दाबूनच ठेवायचं. मधेच अंगठा सुटला की फळ पडतं आणि प्राणी पळतो.

आज सगळे पळाले.

१७ ऑगस्ट

आजही पळाले. एक सशासारखा होता, हिरव्या कानांचा. तो तर पळताना मागे वळून बघून गेला.

१९ ऑगस्ट

युक्ती काढली. यंत्र मांडीवर ठेवलं आणि दोन्ही बटणं डाव्या हातानेच. एक ससा खाऊन गेला! खाऊन गेला — राहिला नाही. किमया म्हणाली, नुसतं खाऊ घालून चालत नाही, फळ धरूनच मागे मागे चालायचं, म्हणजे तो आपल्या पाठी येतो. एकाच वेळी दोन्ही अंगठे पाहिजेत. "चीटिंग नाही चालणार बाबा. मला माहीत आहे, मीपण केली होती."

ज्याने हा खेळ बनवला तो माझ्या फोरमनचा भाऊ असावा.

२६ ऑगस्ट

किमयाचे सल्ले, विसरू नये म्हणून: आधी घराच्या आसपासच फिरा. सीधे पहाडावर नका जाऊ, तिथले मोठे आहेत, ऐकणार नाहीत. घासमध्ये दौडू नका. आणि उठायच्या आधी खेळ जपून ठेवायचा, नाहीतर दिवसाची मेहनत पाण्यात.

हे सगळं मी नव्या पोरांना टूलरूममध्ये सांगत आलो. शब्द तेवढे वेगळे.

२ सप्टेंबर

आला! मुंगसासारखा, पण मिशा पार कानापर्यंत. फळ धरलं. अंगठा थरथरत होता, दुखत होता, पण सुटला नाही. तो संशयाने थांबला, हुंगलं, पुन्हा थांबला. मग खाल्लं. मी फळ धरून मागे चालत राहिलो आणि तो माझ्या पाठी आला.

पडद्यावर विचारलं, नाव काय ठेवता? मी एकेक अक्षर शोधून लिहिलं — खंडोजी.

"हे काय नाव आहे?" किमया म्हणाली. खंडोजी माझ्या शेजारच्या लेथवर होता. अशाच मिशा. सगळ्यांच्या डब्याकडे संशयाने बघायचा आणि माझ्याच डब्यातली पोळी पहिल्यांदा उचलायचा. गेला बिचारा. त्याला सांगायला हवं होतं — तू आता माझ्या मागे मागे फिरतोस.

आज झोपताना देवाला हात जोडले. एक हात दुसऱ्याने धरून का होईना, जोडले.

१४ सप्टेंबर

आज पोळा. गेल्या आठवड्यात खेळात एक बैल मिळाला आहे, लठ्ठ, संथ, शिंगांवर शेवाळ. त्याचं नाव भैयासाहेब — आमचे जुने फोरमन. त्याच्या पाठीवर बसून नदी ओलांडता येते.

आज यंत्र उघडलं नाही. कल्पनाने विचारलं, "आज खेळ नाही?" म्हटलं, पोळ्याला बैल जुंपत नाहीत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुरणपोळीचा एक तुकडा वाटीत घालून यंत्रासमोर ठेवला. "भैयासाहेबांना," म्हणाली, आणि कामाला गेली.

ही बाई धारची. दरबारच्या नोकरीतलं जुनं घराणं, माहेरी सणावाराचे कायदे पक्के. मला वाटलं होतं हसेल.

२३ सप्टेंबर

घरात गणपती आहेत, आरतीला टाळी वाजवली. आवाज आला नाही, पण वाजवली.

१ ऑक्टोबर

अंगठा आता बटणावर बराच वेळ टिकतो. किमया संध्याकाळी शेजारी येऊन बसते, आम्ही दोघं डोंगर पालथे घालतो. तिला लहानपणी सापडला नव्हता असा एक पक्षी आम्ही माणसाळवला. फार आनंदाचे दिवस चाललेत. आजारपणाचे आभार मानू नयेत, पण पोरीशेजारी इतका वेळ मी कधी बसलो होतो?

तिच्या पुण्याची गोष्ट मी काढत नाही. तीही काढत नाही.

५ ऑक्टोबर

कल्पनाने काढली.

मी खेळत होतो. ती समोर येऊन उभी राहिली. "अंगठा चालतो ना? मग शर्टाचं बटण लावून दाखवा." मी म्हणालो, ते वेगळं आहे. "मग पलंगाखालची पेटी उघडा."

माझ्या हत्यारांची पेटी. कारखान्यातून घरी आणून ठेवली ती मे महिन्यात, तेव्हापासून तिला हात लावलेला नाही.

मी म्हणालो, आत्ता नको. ती म्हणाली, "दिवाळी आली. पोरगी तुमच्याकडे बघून थांबली आहे, आणि तुम्ही त्या मुंगसाला चारा घालताय." मी चिडलो. नको ते बोललो.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. खेळात फळ पडलं तर ससा पळतो, दुसरा येतो. पेटी उघडली आणि हातातून कानस पडली तर? मग कळेल, की संपलं. पेटी बंद आहे तोवर कळत नाही.

६ ऑक्टोबर

कल्पना माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. या बाईचे उपकार कसे फेडायचे.

१४ ऑक्टोबर

घट बसले. देवीच्या टेकडीवर सकाळपासून रांग. मला चढवणार नाही, खालूनच नमस्कार केला. किमया वर जाऊन आली. काय मागितलं ते सांगत नाही.

तिने पुण्याला फोन करून नाही म्हणायचं ठरवलंय. कल्पनाला म्हणताना ऐकलं — "दसऱ्यानंतर सांगून टाकते."

२१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हात दुखतोय, पण आज लिहिलंच पाहिजे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कल्पनाने मला न विचारता पेटी ओढून काढली. पाटावर लाल कापड घालून माझे पेचकस, कानशी, मापाचा व्हर्नियर, शेजारी तिचं शिवणाचं मशीन, किमयाची कॉम्प्युटरची पुस्तकं — आणि माझा गेम. म्हणाली, हे पण तुमचं हत्यारच. हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजा झाली की दसऱ्याच्या आरतीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तिच्या माहेरी तर या दिवशी कात्रीसुद्धा कोणी उचलत नाही. आमच्याकडेही तिने कधी उचलू दिलेली नाही.

आरती झाली. ती तांब्या घेऊन वाकली आणि पाणी गेलं थेट गेमवर. थोडंथोडकं नाही. मी सकाळी तो चालूच ठेवला होता. पडदा एकदा चमकला, पांढरा झाला आणि गेला.

किमया पांढरीफटक. म्हणाली, "जाऊ द्या बाबा, जुना झाला होता."

पुढचं मला नीट आठवत नाही. आत पाणी बसलं तर गंज धरेल, एवढंच डोक्यात. उघडून पुसायला हवं, लगेच. पाटावरून बारका पेचकस उचलला. हळद लागली होती त्याला. सेल काढले, मागचे स्क्रू काढले. बारीक स्क्रू, घड्याळात असतात तसले. एक अडला, तर जरा दाबून उलटा फिरवून सोडवला — ती सवय बोटांचीच, मी सांगितलं नाही. किमयाने इंजेक्शनच्या डब्यातलं स्पिरिट आणि कापूस आणला. आतली पाटी पुसली. खेळाची छोटी कॅसेट मागे बसवलेली असते, तिचे पितळी दात पुसले.

सगळं फडक्यावर मांडून झालं, तेव्हा किमया म्हणाली, "बाबा."

"काय?"

"कोणता हात?"

बघितलं. पेचकस उजव्या हातात होता.

किमया रडली. मीही. कल्पना रिकामा तांब्या हातात घेऊन दारात उभी होती. पूजेतलं हत्यार उचललं म्हणून एक शब्द बोलली नाही.

२२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी उन्हात ठेवलं. दुपारी जोडलं, सेल घातले. चालू! थोडा वेळ पट्टे आले, मग माळ, नदी, झाड. आणि झाडाखाली खंडोजी मिशा फेंदारून उभा.

किमयाला सोनं दिलं. तिने पाया पडून सोनं घेतलं आणि पुण्याला फोन लावला. येते म्हणाली. शर्टाची बटणं आज मी लावली. वरचं एक राहिलं, ते असू दे.

ही ओळ उजव्या हाताने.

४ नोव्हेंबर

किमया निघाली. धामनोदला बस जेवायला थांबली तिथून फोन केला, "बाबा, खेळात डोंगरापलीकडे एक तलाव आहे, तिकडे मी कधी गेले नाही. तुम्ही जाऊन सांगा."

घर फार मोठं वाटतंय. तरी देवा, तुझे आभार. ज्याने खेळ बनवला त्याचे, तिच्या मामाचे, आळशी अंगठ्याचेसुद्धा.

७ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना सहज म्हणालो, तुझ्या हातून पूजेत कधी थेंब इकडचा तिकडे होत नाही, आणि त्या दिवशी एवढं पाणी कसं सांडलं कुणास ठाऊक. पण बरं झालं सांडलं.

कल्पना मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांडलं नाही. ओतलं."