आमेनच्या आधी

वसई,
५ नोव्हेंबर २०२३

ती. लीलाताईंस,
चेतनाचा सप्रेम नमस्कार व जय येशू, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. अनीशची बातमी त्या फोनवरच आली, तेव्हा त्याचा तुम्हाला का तिटकारा आला ते मला कळतं. पण मार्चपासून नणंदेचा आवाज नाही म्हटल्यावर भावजयीनं भांडावं तरी कुणाशी? तुमच्या बंधुराजांशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं. बाळू नाव ठेवलंत, बोलायला शिकवायचं तेवढं राहून गेलं.

या दोन तारखेला आमच्याकडे मृतांचा दिवस झाला. सगळं गाव कबरस्तानात लोटतं. झेंडू, मेणबत्त्या, कबरी धुऊन पुसून लख्ख. संध्याकाळी चर्चमधल्या मिस्सेत गेलेल्यांची नावं वाचतात आणि त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना होते. यंदा मी फादरांकडे अनीशचं नाव दिलं होतं. ते वाचलं गेलं तेव्हा बंधुराज चपलेचा पट्टा लावायला खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मला वाटलं, हे तुम्हाला सांगावं. मामीनं भाच्यासाठी एवढं तरी करावं ना.

जेवताय ना नीट? शेजारच्या महादेवीबाई येतात का? दोन ओळी तरी पाठवा. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

आपली,
चेतना


सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. चेतना हिस,
अनेक आशीर्वाद व सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. अनीशचं नाव देण्याआधी तू मला विचारायला हवं होतंस. भाचा तुझा होता, पण मुलगा माझा होता.

आमच्याकडे गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, हे तुला इतक्या वर्षांत माहीत झालं असेल. माणूस गेला की तो देवाच्या हातात. मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागायचं, उपकारस्तुतीची उपासना करायची, संपलं. माझे वडील तुमच्या लग्नात चर्चच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले होते आणि मग जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी बसले होते, आठवतं ना? तिथं मेणबत्त्या आणि मूर्ती म्हणून आत यायचं नाही, आणि वसईच्या जेवणाला धर्म नाही. त्यांच्या नातवाचं नाव आता त्याच तुमच्या वेदीवरून वाचलं गेलं. तुम्ही लोक म्हणता, आमचंच चर्च मूळचं. मग आम्ही कोण? नंतर बांधलेली पडवी?

मी रागावून लिहिते आहे असं तुला वाटेल. राग आलेला नाही. यायला हवा होता असं वाटतं, म्हणून लिहिते आहे. मार्चपासून असंच आहे. महादेवी रोज भाकरी आणून ठेवते, ती मी खाते. कशाबरोबर खाल्ली ते संध्याकाळी सांगता येत नाही. शाळेतून निवृत्त झाले ते बरं झालं, नाहीतर पोरांना इतिहास शिकवताना कुठल्या शतकात आहे ते विसरले असते.

शेंगाचटणी पाठवते आहे. यंदा घरी कुटली नाही, नव्या पेठेतून विकत आणली. बाळूला सांगू नकोस, त्याला चवीवरून कळेलच. माया आहे, ती दिसली नाही तरी आहे असं समज.

तुझी,
लीलाताई


वसई,
२ डिसेंबर २०२३

ती. लीलाताईंस,
सप्रेम नमस्कार व जय येशू, वि. वि.

चुकलं माझं. विचारायला हवं होतं. कान पकडले आहेत असं समजा, इतक्या लांबून तुम्हाला दिसणार नाही म्हणून खोटं नव्हे. चटणी पोचली. बंधुराजांनी एक घास खाल्ला, डबीकडे बघितलं आणि पुन्हा वाढून घेतली.

तुमचा पडवीचा प्रश्न मी आमच्या फादरांना विचारला. म्हटलं, माझी नणंद इतिहासाची बाई आहे, उत्तर नीट द्या. ते म्हणाले, आमची शिकवण अशी की प्रभूनं आपल्या शिष्याच्या, पेत्राच्या हाती मंडळी, म्हणजे चर्च, सोपवली आणि पोप त्याच गादीवर बसतात, म्हणून आम्ही मूळचे. पण पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्सही स्वतःला मूळचेच म्हणतात. हजार वर्षांपूर्वी पोपच्या अधिकारावरून आणि विश्वासाच्या सूत्रातल्या एका शब्दावरून दोघांत फाटलं. केरळातल्या सिरियन लोकांना विचाराल तर ते म्हणतील, तुमचे मिशनरी जहाजात बसायच्या कितीतरी आधी प्रभूचा शिष्य थोमा आमच्या दारात उतरला होता. आणि तुम्हा प्रोटेस्टंटांच्या लूथरला विचाराल तर तो म्हणेल, मी नवीन काही बांधलंच नाही, मूळ घरावर साचलेली धूळ झाडत होतो. पापाची माफी पैशावर विकली जात होती, हे आमच्या फादरांनीही मान डोलावून कबूल केलं.

मी विचारलं, मग भावंडं एवढी वेगळी का? तर म्हणाले, वाटणीत भांडीच नव्हे, आठवणीही वाटल्या जातात. कुणी पुस्तक घेतलं, कुणी वेदी घेतली, आणि प्रत्येकाला वाटतं, आई आपल्याकडेच राहिली.

मला हे आवडलं. तुम्हाला आवडेल की नाही ठाऊक नाही, तुम्ही फादरांच्याही वाक्याला लाल शाई लावाल. तेवढ्यासाठी तरी उत्तर लिहा. आठवण धरून आहे, तुम्हीही सैल सोडू नका.

आपली,
चेतना


सोलापूर,
१८ जानेवारी २०२४

चि. सौ. चेतना हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उशीर झाला. करायला काही होतं म्हणून नव्हे.

तुझ्या फादरांचं वाक्य चांगलं आहे, लाल शाई लावली नाही. फक्त एक भर घालते. आपल्या भागात कोण कुठल्या चर्चचा, हे लूथरनंही ठरवलं नाही आणि पोपनंही नाही. मिशनच्या साहेबांनी आपसात जिल्हे वाटून घेतले होते, हा तुमचा, तो आमचा. माझे पणजोबा चार गावं पलीकडे जन्मले असते तर दुसऱ्याच मिशनच्या शाळेत गेले असते आणि आम्ही वेगळ्याच रीतीनं बाप्तिस्मा घेतला असता. आणि तरी वडील त्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. हे मी शाळेत कधी शिकवलं नाही.

आता खरं लिहिते. मूळचं चर्च कोणतं हा प्रश्न मी इतिहासासाठी विचारला नव्हता.

अनीश शेवटची दोन वर्षं उपासनेला येत नव्हता. भांडून नव्हे. उजनीकाठच्या गावांतून पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचा, रविवारी दमून झोपायचा, मीही उठवत नव्हते. टेंभुर्णीजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा जवळ कुणी नव्हतं. प्रार्थना नाही, शब्द नाही. आमचे पास्टर म्हणतात, तो प्रभूजवळ आहे, आता काही करायचं उरलेलं नाही. ते चांगले आहेत, मनापासून सांगतात. पण काही करायचं उरलेलं नाही हे ऐकलं की माझे हात मांडीवर तसेच पडून राहतात. आणि तुमचं म्हणणं खरं असेल, तर गेलेल्याला आपल्या प्रार्थनेची गरज असते. म्हणजे तो तिथं वाट बघत असेल आणि मी इथं इतके महिने भाकरी खात बसले आहे. यातलं खरं कोणतं ते मला कळायला हवं, चेतना. मला दुसरं काही नको आहे.

बरं, प्रार्थना करायची म्हटलं तरी ती होत नाही. प्रभूची प्रार्थना मी पाच वर्षांची असल्यापासून पाठ म्हणते. आता ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथं आले की थांबते. पुढचं आठवतं, पण म्हणवत नाही. रोज तिथवर जाते आणि परत येते.

महादेवीला थोडं सांगितलं. ती म्हणाली, आमच्यातबी मूळचं कोन यावरनं लई भांडनं हायेत की, पर माती द्यायला समदे येतात. तिच्या लिंगायत लोकांतही पुरतात, त्यामुळे अनीशच्या वेळी तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. मूठभर माती घेऊन ती आपणहून पुढे आली होती.

बाळूला आशीर्वाद. लिहीत जा, मी वाचते.

तुझी,
लीलाताई


वसई,
११ फेब्रुवारी २०२४

ती. लीलाताईंस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मी फादरांना दाखवलं नाही. ते उत्तर देतील ते आमच्या चर्चचं असेल, तुमचे पास्टर देतात ते तुमच्या. खरं कोणतं हे मला माहीत नाही. लहानपणापासून शिकले ते मी मानते, पण तुम्हाला त्यावर हात ठेवून शपथेवर सांगणार नाही.

पत्र बंधुराजांना मात्र वाचून दाखवलं. आणि नवल म्हणजे ते मग बोलले. तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नव्हतं, पण मार्चपासून ते कामावर जाताना रोज चर्चमध्ये थांबतात आणि अनीशसाठी मेणबत्ती लावतात. लग्नासाठी कॅथलिक झालेला माणूस, रविवारी प्रवचनात डुलक्या घेणारा! मी विचारलं, तुम्ही हे सगळं मानता का? म्हणाले, मूळचं-नंतरचं मला समजत नाही. तो दोन वर्षांचा असताना मी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत न्यायचो, आता कुठं न्यायचं ते समजत नाही, म्हणून तिथवर जातो. आणि म्हणाले, ताईला सांग, तो वाट बघत असेल तर मी रोज जातो आहे, आणि नसेल तर माझी काडी फुकट गेली.

आता मी या वेळी आधी विचारते. अकरा मार्चला वर्ष होईल. तुमच्या सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये त्या संध्याकाळची मिस्सा अनीशसाठी करवता येईल. तुम्ही नको म्हटलंत तर विषय संपला, मनात काही धरणार नाही. हो म्हटलंत तर आम्ही दोघंही येऊ. आत यायलाच हवं असं नाही. फाटकाबाहेर उभं राहण्याची तुमच्या घरात रीतच आहे.

रागावू नका. रागावलात तर मात्र मला फार बरं वाटेल. तुमच्या उत्तराची वाट पाहत,

आपली,
चेतना


सोलापूर,
१६ मार्च २०२४

चि. सौ. चेतना हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही पोचलात हे बाळूनं महादेवीच्या फोनवर कळवलं. तुमची चादर इथंच राहिली आहे, तिला निमित्त करून पुन्हा या.

त्या संध्याकाळी अनीशच्या मिस्सेहून घरी येताना रिक्षात मी काही बोलले नाही आणि तूही विचारलं नाहीस. बाळूचा गुण तुला लागला. म्हणून लिहिते.

मी शेवटच्या बाकावर बसले होते ती उठून जाता यावं म्हणून. तुम्ही गुडघे टेकत होता तेव्हा मी बसून राहिले, उभे राहत होता तेव्हा जरा उशिरा उभी राहत होते. फादरांनी अनीशचं नाव घेतलं. मला काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल, म्हणून बाकाची कड धरून ठेवली होती. काहीच झालं नाही. भिंतीवरचा पंखा बघत होते. मनात म्हटलं, झालं, हेही करून झालं.

मग सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. मीही लागले, सवयीनं. शेजारच्या बाईचा आवाज मोठा होता, त्या आवाजाबरोबर मी चालत होते. आणि तुम्ही सगळे ‘वाइटापासून सोडव’ म्हणून थांबलात. मला काय माहीत तुमच्याकडे तिथं थांबतात? आमच्याकडे थांबत नाहीत, ‘राज्य, सामर्थ्य, गौरव तुझंच’ असं म्हणून मगच आमेन. मी जन्मभर न थांबता म्हटलेलं, तशीच पुढे गेले. अख्खं चर्च गप्प आणि माझा एकटीचा मास्तरिणीचा आवाज. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. तू वळली नाहीस, ते मी पाहिलं.

वडील असते तर ताठ उभे राहिले असते. मला मात्र शरमेनं घाम फुटला. शरम वाटली, चेतना! किती दिवसांनी काहीतरी वाटलं. आणि त्या घामात मला उमगलं की मी इतक्या पुढे आले आहे म्हणजे मधली ती ओळ माझ्याकडून म्हणून झाली आहे. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ कधी म्हटली ते मला कळलंही नाही. शेजारच्या बाईच्या आवाजातून ती निघून गेली.

तुमच्या फादरांनी वर पाहिलं नाही. माझं संपेपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी आपली शांतीची प्रार्थना म्हटली. ती संपल्यावर तुम्ही सगळे एका सुरात तेच म्हणालात, राज्य, सामर्थ्य, गौरव तुझंच. माझंच वाक्य, फक्त जरा उशिरा. मी आजवर समजत होते की ते तुमच्याकडे नाहीच.

त्या वेळी मी म्हटलं नाही. तोंड पदरात होतं. बाळूनं मागे हात करून रुमाल दिला तो माझ्याकडेच आहे, धुऊन ठेवला आहे.

मूळचं चर्च कोणतं ते मला अजून कळलेलं नाही. अनीशला माझी गरज आहे की नाही, तेही नाही. या रविवारी मी आमच्याच उपासनेला जाणार आहे, माझी जागा तिथं आहे. चर्चनंतर दफनभूमीत जाऊन त्याच्या कबरीवरचं गवत काढणार आहे. पास्टरना त्यात काही गैर वाटणार नाही, आणि वाटलं तर वाटो.

काल घरी शेंगा भाजून चटणी कुटली. तिखट जास्त झालं आहे, सोबत पाठवते.

आणि दोन नोव्हेंबरला तुमच्याकडे नावं देशील, तेव्हा मला विचारत बसू नकोस.

तुझीच,
लीलाताई