धोंडवाडी चौकीची हजेरी

७ मे १९७३, सोमवार
सोलापुरास सुखरूप पोहोचलो. विश्रामगृह स्वच्छ आहे, मेज डगमगत नाही. एवढ्यानेच मन प्रसन्न झाले. काम किरकोळ आहे. पूरसूचना खात्याच्या जुन्या बिनतारी कंप्रतेवर (फ्रीक्वेन्सीवर) आता कोणीही बोलत नाही, हे पाच दिवस ऐकून प्रमाणित करावयाचे, की ती कायमची बंद होईल. नदीकाठच्या सर्व चौक्या सप्टेंबर सत्तरमध्येच नव्या कंप्रतेवर गेल्या. ते वेळापत्रक माझे होते आणि निर्दोष होते. येथील ऑपरेटर शिवप्पा वयस्क व नम्र आहेत. त्यांची नोंदवही मात्र पाहवत नाही.

८ मे
सकाळी अकराला, चौक्यांच्या हजेरीच्या वेळी, जुना संच लावला. पाच मिनिटे नुसती खरखर. मग एका पुरुषाचा स्वच्छ आवाज: धोंडवाडी चौकी, पाणी सहा फूट, काय आज्ञा? शिवप्पांनी माझ्यादेखत बटण दाबून "ऐकलं" म्हटले. मी त्यांना फैलावर घेतले. सीना नदीचे पात्र कोरडे ठणठणीत, लोक वाळूत झिरे खणत आहेत, आणि कोणा टवाळाला हे पोच देतात! ते एवढेच म्हणाले की तो रोज बोलतो, तेव्हा रोज पोच द्यावी लागते. एक म्हातारी पायरीवर बसून ऐकत होती. कार्यालयाची ही शिस्त.

९ मे
जीपने धोंडवाडीस गेलो. चौकीचे केवळ जोते उरले आहे. संच नाही, बॅटरी नाही, तार नाही. अकराला सोबतच्या लहान संचावर आवाज आला: पाणी नऊ फूट. इतका ठळक, की बोलणारा हाताच्या अंतरावर असावा. सभोवार फुफाटा. चालक मानसिंग जीपमध्ये जाऊन बसला, तो दोनदा बोलावूनही उतरला नाही.

१० मे
आज अकरा फूट. शिवप्पांनी न विचारता सांगितले. आवाज ज्ञानबाचा, धोंडवाडीच्या पहारेकऱ्याचा. कंप्रता बदलली त्या दिवशी त्याच्या चौकीस संच नव्या कंप्रतेवर नेणारा क्रिस्टल पोहोचला नव्हता. तो जुन्यावर बोलत राहिला, केंद्र नव्यावर ऐकत राहिले. त्याच संध्याकाळी पूर आला. अधिकाऱ्याच्या आज्ञेशिवाय चौकी सोडावयाची नाही; त्याने सोडली नाही. पायरीवरची म्हातारी बजाबाई, त्याची आई. दुष्काळी कामावरची खडी फोडायची सोडून ती रोज अकराला येते.

क्रिस्टल का पोहोचला नाही, असे मी विचारले. शिवप्पांनी मागणीपत्र काढून दिले. एक रकाना रिकामा होता म्हणून परत केलेले. खाली लाल शाईत: 'अपूर्ण. नव्याने सादर करावे.'

अक्षर वळणदार आहे. माझे आहे.

११ मे
साडेबारा फूट. शिवप्पा म्हणतात, तीन वर्षे पाणी दोन फुटांवरच होते. मी आलो आणि चढू लागले. बजाबाईंना खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

"सायेब, माजं पोरगं तीन वर्सं पान्यात हुबं हाय. शिवप्पा निस्तं ऐकलं म्हनत्यात, त्यांच्या हातात काय न्हाय. तुमी त्याला वर ये म्हना की."

विचार करावा लागेल, असे मी म्हणालो. त्या गेल्यावरही पुष्कळ वेळ तेथेच उभा होतो.

१२ मे
आज्ञा देऊन हे संपवावयाचे. कंप्रता रिकामी असल्याच्या प्रमाणपत्रावर आधीच सही करून ते टपालासाठी शिवप्पांच्या हाती दिले.

पाणी चौदा फूट. बटण दाबले, नाव व हुद्दा सांगितला. चौकी सोडा, ज्ञानबा.

बराच वेळ खरखर. मग त्याने अदबीने विचारले, बदली कोण? बरोबर आहे. बदलीचे नाव लिहून घेतल्याशिवाय चौकी रिकामी करू नये — नियम मीच लिहिला आहे. बजाबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी एका हाताने दाराची चौकट धरली होती.

मी माझे नाव दिले. संपूर्ण.

"आलो, आई," तो म्हणाला. आवाज संचातून नव्हता. बजाबाई वळल्या आणि उन्हात चालू लागल्या, शेजारच्या कोणाशी तरी बोलत —

१२ मे, ११.४०
शिवप्पांना हाक मारतो. ऐकू जात नाही. खोली तीच, पण भिंतीवर फुटांची पट्टी — पाणी फार गार आहे.

पंधरा. कळवले. पोच नाही.

पंधरा व सहा इंच. पुन्हा कळवले. शिवप्पा संचाची वायर काढीत आहेत. त्यांच्या खिशात तो लिफाफा — टपालात टाकायला मीच सांगितले होते —

सोळा. शिवप्पा, ते टपालात टाकू नका. कंप्रता रिकामी नाही. मी अजून येथे