चादरीआडचा आवाज

प्रिय राजशेखर,

काव्या मजेत आहे हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. आंबे खाऊन खाऊन फ्रॉकची पार वाट लावलीय आणि तुझी वहिनी रोज तक्रार करत तो धुतेय. उन्हाचं काही विचारू नकोस, सोलापूर आहे. तू तिला सोडायला आलास तेव्हा निघताना जिन्यात मला बाजूला घेऊन जे बोललास ते माझ्या ध्यानात आहे. पोरगी ऐकतच नाही, शाळेतून सारख्या तक्रारी येतात, बाई शिकवत असल्या की ही भलतीकडे बघते, हाका मारल्या तरी मुद्दाम ओ देत नाही. सुट्टीत काही वळण लागलं तर बघा, नाहीतर जूनपासून वसतिगृहाच्या शाळेत घालणार, असं म्हणालास. तुझा चेहरा इतका दमलेला होता की मी वाद घातला नाही. पण ही पोर पहिलीत जाईपर्यंत इथेच आमच्यात वाढली आणि तेव्हा कधी शब्दाबाहेर नव्हती, हे काही डोक्यातून जाईना. पुण्याचं वारं लागलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि माझ्या उद्योगाला लागलो.

उद्योग कोणता ते तुला माहीत आहे. तुझी वहिनी त्याला 'डब्यांचा खेळ' म्हणते. माग भंगारात घातल्यापासून आपली पुढची खोली रिकामी पडली ना, तेव्हापासून मला हा नाद लागला. जन्मभर त्या खडखडाटात काढला आणि एक दिवस सगळं गप्प. इतकं गप्प, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा आगाऊ वाटायला लागलं. मग जावयानं दिलेले हेडफोन कानाला लावून गाणी ऐकायला लागलो. गाण्यात मागे कुणीतरी घुंगरू वाजवतंय हे मला या वयात कळलं! मग साहजिकच प्रश्न पडला, अजून काय काय ऐकू यायचं राहिलंय? वाचत गेलो तसं कळलं की मोबाइलमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचं काम एक बारकी चिप करते, तिला डॅक म्हणतात, आणि त्या आवाजाला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो अ‍ॅम्प्लिफायर. फोनच्या आत हे दोन्ही असतंच, पण बाहेरून वेगळं लावलं तर आवाज खुलतो असं लोक शपथेवर सांगतात. आता खुलतो म्हणजे नक्की काय होतं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडतंय होय?

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारा ताबीश आहे, त्याच्याकडे असल्या स्वस्तातल्या डब्या येतात. तो मला चार दिवस वापरायला देतो, मी बघून परत करतो. एक साबणाच्या वडीएवढी, एक काडेपेटीएवढी, एक तर नुसती फोनला लोंबणारी शेपटीच. गंमत बघ, साबणवडी लॅपटॉपला जोडली की मागे घुंई असा आवाज यायचा, आणि वहिनीनं मिक्सर लावला की हेडफोनमध्येही टर्रर्र. मी सगळ्या घरभर तिची वायर घेऊन हिंडलो, या बोर्डाला लाव, त्या बोर्डाला लाव. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला, तर घुंई गायब! त्या दिवशी मला इतका आनंद झाला की वहिनीला हातातलं लाटणं ठेवून ऐकायला बोलावलं. काहीच ऐकू येत नाही म्हणाली. अगं तेच तर ऐकायचंय, म्हटलं. त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

तर साबणवडीच सगळ्यात भारी, असं माझं ठाम मत झालं होतं. मग एका ठिकाणी वाचलं की माणूस इथेच फसतो. दोन डब्यांतली जी किंचित मोठ्यानं वाजते तीच त्याला चांगली वाटते, आणि जी डोळ्यांना आवडते ती कानांनाही आवडते. खरी पारख करायची तर दोघींचा आवाज सारखा करायचा आणि कुठली लावलीय ते बघायचं नाही. मला हे लई पटलं. आपली मोराची जुनी चादर खोलीत दोरीवर आडवी टांगली. पलीकडे डब्या आणि वायर बदलायला काव्या, अलीकडे खुर्चीवर मी. हेडफोनची वायर चादरीखालून आलेली. ती गुपचूप वायर बदलणार आणि मी ओळखणार. पोरगी खूश. आणि माझी काय फजिती झाली म्हणून सांगू! साबणवडी कुठली न् काडेपेटी कुठली, मला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. काव्या चादर वर करून खदखदा हसायची.

मग तिनं हट्ट धरला, आता मी ऐकणार. ती लहान, तिला कसली चादर, म्हणून समोर बसवलं, एकामागून एक डब्या लावल्या आणि विचारत गेलो. राजू, दर वेळी तिनं बरोब्बर मला आवडलेली डबी निवडली. मी वहिनीला अभिमानानं सांगितलं, पोरीचा कान तयार आहे, गाण्याच्या क्लासला घाला म्हणावं. नंतर माझ्या लक्षात आलं की शेवटच्या वेळी मी हेडफोनची पिन साबणवडीत खुपसली होती आणि गाणं चालू होतं काडेपेटीवर. म्हणजे तिच्या कानात काहीच वाजत नव्हतं. तरी ती माझ्याकडे बघत मान डोलावून, हाच भारी आहे, म्हणाली होती. मला वाटलं, माझं मन राखतेय बिचारी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर लावली. मी अलीकडून म्हटलं, आता बदल. काही नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, तरी नाही. आदल्या दिवशी मी दर वेळी चादर सरकवून खूण करत होतो, त्या दिवशी खुर्चीवरून उठायचा कंटाळा केला, एवढाच काय तो फरक. मी चिडलो, खरं सांगतो. मनात म्हटलं, हेच ते, राजू म्हणतो ते, मुद्दाम ओ न देणं. ताडकन उठून चादर बाजूला केली, तर ही हातात वायर धरून, चादरीकडे डोळे लावून, अगदी जय्यत तयार बसलेली. माझं तोंड दिसताच म्हणाली, बदलू का? त्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता रे. मी उगाच चादरीची दोरी नीट करत बसलो.

पण आपला स्वभाव तुला माहीत आहे, शंका आली की मी गप्प बसत नाही. थोड्या वेळानं चादरीआड उभा राहून, रोज बोलतो तेवढ्याच आवाजात म्हटलं, काव्या, फ्रिजमध्ये तुझ्यासाठी आमरस ठेवलाय. चादरीखालून तिचे पाय दिसत होते. हलले नाहीत. मग मी चादर वर केली, तिच्याकडे बघितलं आणि तेच वाक्य नुसते ओठ हलवून म्हटलं. घशातून आवाज काढलाच नाही. ती टुणकन उठली आणि धावत फ्रिजकडे गेली.

मी तिथेच खाली बसलो. अव्वा दारात नातीसाठी शेंगा फोडत बसली होती, तिनं सगळं बघितलं होतं. तिला तर आता काहीच ऐकू येत नाही. मी तिच्यासमोर जाऊन विचारलं, तुला हे कधी कळलं होतं का? अव्वा शेंगा खाली ठेवून म्हणाली, "मल्ल्या, आपल्या घरात कानानं ऐकतंय कोण?"

आणि राजू, मला भडाभडा सगळं आठवलं. मागावर काम करणाऱ्या माणसांची बोलायची तऱ्हाच ती. खडखडाटात कानाचा उपयोग नाही, म्हणून समोरासमोर यायचं, तोंड रुंद करून बोलायचं, समोरच्यानं ओठ वाचायचे. धागा तुटला की बोटांनी दाखवायचं, कांडीवरचं सूत संपलं की मनगट फिरवायचं, चहाला अंगठा ओठाला. माग गेले तरी घरातली ती सवय गेलीच नाही. आपण अजूनही जेवायला हाक मारत नाही, माणसासमोर जाऊन उभे राहतो. पाहुणे हसतात आपल्याला, इतकी तोंडं वेडीवाकडी करून बोलतो आपण. काव्या त्यात वाढली. तिला कमी ऐकू येतं हे कळायला आपल्या घरात कधी कारणच पडलं नाही. तिचा बोबडा 'स' आपल्याला लाडिक वाटला. दुसऱ्या एखाद्या घरात वर्षाच्या आत कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. आणि मग तू तिला पुण्याला नेलंस. तिथे भाग्यश्री स्वयंपाकघरातून लेकीला हाक मारते, तू लॅपटॉपकडे बघत बोलतोस, बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात. तिच्यासाठी सगळे चादरीआड गेले.

मी तुला न विचारता तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. रागावायचं तर खुशाल रागाव. काचेच्या दाराची एक बंद खोली असते, तिथे हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. ती काचेतून यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या हाताकडे आणि माझ्या तोंडाकडे बघून बटण दाबायला लागली! तिथल्या बाई हुशार, त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग तिचा हात बराच वेळ तसाच राहिला. मी बाहेर उभा राहून रडलो, लपवत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना खालचे जाड आवाज येतात, वरचे बारीक आवाज जवळजवळ येत नाहीत. म्हणून हाक मारली की कुणीतरी बोलल्याचं कधी कधी कळतं, पण शब्द लागत नाहीत. बहुधा जन्मापासूनच असावं. बरं होणारं नाही, पण कानात बसवायची यंत्रं लावली की तिला पुष्कळ ऐकू येईल, आणि पोर एवढी हुशार आहे की भरभर सुधारेल. मी विचारलं, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायरच ना? ते हसून हो म्हणाले, पण हा तिच्या कानाला जेवढं कमी पडतं तेवढंच वाढवतो. या यंत्राबद्दल मी त्यांना इतकं विचारलं की बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. सगळं समजून घेतलंय, आलास की सांगतो.

वसतिगृहाचं मात्र मनातून काढून टाक. काव्या अंधाराला भिते असं आपण म्हणतो ना? परवा संध्याकाळी लाइट गेली तेव्हा ती गोष्ट सांगता सांगता एकदम थांबली आणि माझा हात घट्ट धरून बसली. अंधारात तिला कुणाचं तोंड दिसत नाही. ती भुताला भीत नाही रे, आपण सगळे तिथून निघून गेलो असं तिला वाटतं. अनोळखी पोरींच्या खोलीत दिवे मालवले की तिचं काय होईल, तूच विचार कर.

हे सगळं मी फोनवर का सांगितलं नाही, तर घरात फोन घेतला की ही पोर खोलीच्या त्या टोकावरून माझे ओठ वाचते. हे पत्र आता कामाला जातो त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आणि इथून फोन केला असता आणि तू नंतर मला घरी फोन करून, हो का, बरं, बघू, म्हटलं असतंस, तर तेही तिनं माझ्या चेहऱ्यावरून वाचलं असतं. दवाखान्यातून येताना रिक्षात तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "दोड्डप्पा, म्हणजे मी मुद्दाम नव्हते ना करत?" तिला स्वतःलाही खात्री राहिलेली नाही, राजू. मुद्दाम करतेस, मुद्दाम करतेस, असं इतक्या वेळा ऐकलंय तिनं. मी नाही म्हणालो, दोनदा म्हणालो. तिनं मान हलवली, पण तिला ते माझ्याकडून नकोय. तेव्हा रविवारची वाट बघू नकोस. ये, उजेडात तिच्यासमोर बस, आणि ते तिला तुझ्या तोंडानं सांग.

तुझाच,
अण्णा