कपडे वाळत घालायची दोरी

सोमवार, ३ सप्टेंबर १९३४
देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. बोट बेटाच्या धक्क्याला लागली तेव्हा स्वच्छ ऊन पडले होते. उतरवून घेणारे म्हणाले, हे ऊन तुमच्यासाठीच राखून ठेवले होते, उद्या मागू नका. घर लहान, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा धक्का दिसतो. माझ्या नवऱ्याचे, फर्करचे, मिठाच्या वखारीतले काम उद्यापासून. शेजारच्या मर्डिनाबाईंनी आम्ही यायच्या आधीच चूल पेटवून, ओटच्या भाकऱ्या आणि खारी हेरिंग मासळी झाकून ठेवली होती. म्हणाल्या, तुम्ही डोंगराकडची माणसं, महिनाभर अंगाला मेंढराचा वास येईल, मग मासळीचा, मग कळणारच नाही. घड्याळाला किल्ली दिली, बायबल जागेवर ठेवले. बाबांनी वळून दिलेली नवी दोरी परसात बांधली.

गुरुवार, ६ सप्टेंबर
माणसे धर्माला धरून आहेत. रविवारी कोंबडासुद्धा टोपलीखाली झाकतात म्हणे. बायका चालता चालता विणतात. घराघराच्या लोकरी अंगरख्याची वीण वेगळी, खालच्या काठाला नावाची अक्षरे. मला तो डौल वाटला, तसे बोललेही. मर्डिनाबाई नुसत्या हसल्या. इथल्या एकाही कोळ्याला पोहता येत नाही. त्यांचे यजमान टॉर्किल म्हणाले, पोहता येणारा उगाच जास्त वेळ बुडतो. फर्कर तासभर हसत होता.

सोमवार, १० सप्टेंबर
आज धुण्याचा वार. चादरी वाळत घालत होते, तेवढ्यात टॉर्किल होडीतून धक्क्यावर पाय टाकताना निसटले आणि पाण्यात गेले. धक्क्यावर पंधरा तरी माणसे असतील. कुणी हलले नाही. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या तेवढ्या काढल्या. मला वाटले, धसक्याने थिजलेत. मी दोरी सोडली, चादरी चिखलात पडल्या तशा पडू दिल्या, आणि धावले. एक टोक लोखंडी खुंटाला बांधून दुसरे फेकले. परमेश्वराने हातांना बळ दिले, माणूस वर आला. मर्डिनाबाई तिथेच होत्या. पाणी ओकणाऱ्या नवऱ्याकडे पाहिले, डोक्यावर शाल ओढली आणि निघून गेल्या. आभाराचा शब्द कुणाच्या तोंडून नाही. सगळे धुणे पुन्हा धुतले.

बुधवार, १२ सप्टेंबर
मर्डिनाबाईंनी नवऱ्याची पेटी दाराबाहेर ठेवली आहे. तो जाळ्यांच्या खोपटात निजतो. दिवसभर धक्क्याच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून बसतो. काल आमच्या दाराशी आला, पण उंबरठा ओलांडेना. म्हणाला, "बाई, तुम्ही मनाच्या चांगल्या आहात. पण मला काढण्याआधी कुणाला तरी विचारायचं होतंत."
मर्डिनाबाई खिडकीत बसून विणतात. फर्कर समोरून गेला की सुया थांबवून त्याच्या खांद्यांकडे बघतात.

शनिवार, १५ सप्टेंबर
मर्डिनाबाईंनी फर्करसाठी अंगरखा पाठवला! बेतून विणल्यासारखा बसला. वीण नवी, कुणाच्याच घरची नव्हे. काठाला त्याची अक्षरे. शेजाऱ्यांविषयी वाईट मनात आणले म्हणून गुडघे टेकून क्षमा मागितली. फर्करने तो रात्रीही काढला नाही, इतका ऊबदार.

रविवार, १६ सप्टेंबर
देवळात प्रार्थनेला वडीलधारे इव्हन उभे राहिले. होड्यांसाठी मागितले, आजाऱ्यांसाठी मागितले, आणि मग आपल्यात नव्याने आलेल्या विधवेसाठी मागितले. फर्कर माझ्या शेजारी बसून स्तोत्राचे पान शोधत होता. बाहेर एकेका बाईने माझा हात हातात घेतला.
मर्डिनाबाईंना गाठले. त्या शांतपणे म्हणाल्या, "समुद्रानं एक मागितला, तू त्याच्या तोंडातून काढलास. माझ्या आईच्या वेळी असंच एकाला काढलं, त्या हिवाळ्यात सात गेले. आता तो तुझ्या घरचा नेईल, म्हणजे बाकीच्यांची सुटका. अंगरखा ओळखीसाठी आहे, पोरी. पाण्यात चेहरा राहत नाही."
आणि मी त्या अंगरख्याबद्दल आभार मानले होते.

सोमवार, १७ सप्टेंबर
परत जायला निघालो, तर बोटीच्या कप्तानाने आम्हाला घेतले नाही. नम्रपणे म्हणाला, माझ्याकडे इतरही उतारू आहेत. फर्करला सगळे सांगितले. म्हणाला, वेड्या आहेत, पण विणकाम चांगलं आहे. अंगरखा काढायला तयार नाही.
दुपारी बायका आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. भिंतीला लावून बसल्या, मयताच्या घरी बसतात तशा. एकीने घड्याळ थांबवले. फर्कर त्यांच्यामध्ये बसून जेवला. त्याने दुसऱ्यांदा बटाटे मागितले तेव्हा एक जण रडू लागली.
मी दोरी चुलीत घातली. बाबांनी वळलेली. मर्डिनाबाई म्हणाल्या, बरं केलंस, पण त्यानं समुद्राचं देणं फिटत नाही. जे काढलं तेच परत दिलं तर फिटतं. कापडाचा डाग कसा काढावा ते सांगावे, तसे सांगितले. स्वतःच्या नवऱ्याबद्दल.

मंगळवार, १८ सप्टेंबर
सहावी आज्ञा, खून करू नको, पाठ म्हटली. पुन्हा म्हटली. बायका उठत नाहीत —
टॉर्किल धक्क्याच्या टोकाला पाठमोरा बसलेला असतो. रोज. त्यालाही कळत असेल —

त्याच दिवशी
झाले. त्याने मागे वळून पाहिले नाही. सरकून जागा केली, मी शेजारी बसायला आले असे वाटून —
हात धुतले. लिहायला बसले. मर्डिनाबाईंना म्हटले, फिटले ना? खुर्च्या न्या आता. त्यांनी होकाराची मान डोलावली. सगळ्या उठल्या. खिडकीशी गेल्या. तिथेच उभ्या — टॉर्किलचे डोके अजून पाण्यावर दिसते —
वखारीकडून कुणी धावतोय. धक्क्यावरून. बूट काढून फेकले — त्याला कुणी सांगितले नाही, मी सांगायला हवे होते — फर्कर, नको — अंगात तोच अंगरखा —
उडी —
पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणी हलत नाही. दोघांची डोकी दिसतात, अजून दिसतात, दोरी फेकली तर — दोरी — दोरी मीच काल चुलीत —