पोह्यांवर झाकलेली ताटली

रविवार, संध्याकाळ. इंझोरी.

ती ताटली डोळ्यांपुढून जातच नाही.

माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या सुजाताच्या घरी आज पहिल्यांदाच गेले. तिच्या आईने आलूपोहे पुढे केले. पाहुणी म्हणून वरून मूठभर दाणे, मुद्दाम. मी घाईघाईने म्हटलं, "नको मावशी, मले दाण्याची अ‍ॅलर्जी आहे. घसा सुजते, श्वास अडकते."

मावशींनी पोह्यांवर दुसरी ताटली झाकली. "हो का? आमच्या घरी आलं की पाटलाच्या लोकायले काई ना काई होतेच, बाई."

बौद्धांच्या घरी माझ्या आजोबांनी पाणीही घेतलं नसतं, हे सुजाताला ठाऊक आहे. मलाही. पर्समधल्या गोळ्या काढून दाखवायला हव्या होत्या का? पण त्याने काय पटलं असतं?

घसा खरंच सुजतो माझा! एकदा लग्नातल्या चटणीने दवाखाना दाखवला होता. मी खोटं बोललेच नाही. मग ती झाकलेली ताटली का छळते आहे?

मावशींनी नंतर चहाही आणला होता. "राहू द्या, उशीर झाला," म्हणत मी उठले.

चहात तर दाणे नव्हते.